पाणी बाधलं

शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या माझ्या दवाखान्यावर मोर्चा येईल, आणि मोर्च्यात पुढे घोषणा द्यायला तेच असतील ज्यांना मी स्वतःच्या हाताने इंजेक्शनं दिली आहेत. माणसांची नावंही बदलली आहेत. रोगाचं नाव मात्र बदललेलं नाही. ते बदलण्यातच आमची आजवरची सगळी हुशारी खर्च झाली आहे.

मी डॉक्टर अरुंधती मोघे, महानगरपालिकेची आरोग्य अधिकारी. माझं डोकं लवकर तापतं अशी ख्याती आहे आणि ती खरी आहे. तुम्हीही माझ्या खुर्चीत बसा, 'डॉक्टर, जरा ते... खाली... म्हणजे आपलं ते' एवढ्या माहितीवर दिवसभर निदानं करा, मग बघू तुमचं किती थंड राहतं.

तर, नाडी. चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे हे यंत्र आलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, प्रत्येक इमारतीच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये टांगलेली. माणूस आजारी पडला की त्याच्या अंगातले जंतू, जिवंत नाहीतर मेलेले, लघवीतून, थुंकीतून, आंघोळीच्या पाण्यातून गटारात जातात. प्रत्येक जंतूच्या डीएनएमध्ये त्याची स्वतःची अशी एक ओळ असते. नाडीच्या आत एका पातळ पापुद्र्यावर प्रथिनांच्या सूक्ष्म कात्र्या बसवलेल्या आहेत, आणि एक कात्री एकच ओळ ओळखते. ती ओळ सापडली की कात्री चालते, चमकणारा कण सुटतो, तो उजेड मोजला जातो आणि माझ्या संगणकावर ठिपका उमटतो. पूर्वी सांडपाणी शहराच्या टोकाला तपासायचे. तेव्हा कळायचं काय, तर पाच लाखांत कुणाला तरी कावीळ आहे. आता कळतं, या इमारतीत आहे. कुठल्या घरात ते कळत नाही. ते कायद्यानेच बंद ठेवलंय आणि योग्य केलंय.

पहिल्याच वर्षी नाडीमुळे आम्ही काविळीची साथ जागच्या जागी अडवली. लोकांनी हारतुरे दिले, शाल दिली. त्या शालीच्या उबेत मी पालिकेच्या समितीपुढे लैंगिक आजारांच्या कात्र्यांचा विषय मांडला, आणि सभागृहातले पंखे ऐकू यायला लागले.

"मॅडम, हा नकाशा मोबाइलवर सगळ्यांना दिसतो," एक सदस्य म्हणाले. "शाळेतली पोरं बघतात. ते नाव कशाला त्यात?"

"कोणतं नाव?"

"तेच."

"सिफिलिस?"

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. शेवटी ठराव असा झाला की जुलाब, कावीळ, टायफॉइड आणि फ्लू यांची नावं नकाशावर राहतील, उरलेल्याला 'इतर' म्हणायचं. रंग तपकिरी. महिन्याभरात शहरातल्या शेंबड्या पोरालाही 'इतर' म्हणजे काय ते कळलं. कॉलेजातली मुलं एकमेकांना 'काय रे, इतर झालं का?' म्हणून चिडवायला लागली. मी समितीला पत्र पाठवून हे कळवलं, त्याचं उत्तर अजून यायचंय.

मग एका सोमवारी तपकिरी ठिपका उमटला तो अमृतवेल सोसायटीवर. आत उघडून बघितलं तर सिफिलिस. पत्ता मी दोनदा वाचला, कारण अमृतवेलच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहते.

माझा नवरा मुकुंद अमृतवेलचा सेक्रेटरी. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब गाय, भांडण होणार असं दिसलं की चहा टाकणारा. मी घरी पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ठिपक्याचा फोटो फिरून आला होता.

"आपल्या इमारतीचं मशीन बिघडलंय म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणे?"

"अण्णा."

अण्णा कुलगुडे म्हणजे आमचे चेअरमन, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. जीवशास्त्र शिकवायचे. मुकुंद त्यांचाच विद्यार्थी. प्रजननसंस्थेचा धडा आला की अण्णा 'हा घरी वाचून या' म्हणायचे, आणि घरी तो धडा उघडला की मुकुंदची आई येऊन पुस्तक मिटायची. हे सगळं मुकुंदनेच मला लग्नानंतर हसत हसत सांगितलंय.

"मशीन ठणठणीत आहे," मी म्हटलं. "या इमारतीत कुणाला तरी, बहुतेक एकापेक्षा जास्त जणांना, सिफिलिस आहे. मला रविवारी सभा हवी."

"सभेत काय बोलणार तू?"

"हेच."

"हा शब्द? अगं, तिथे बायका असतात."

"बायकांनाही होतो, मुकुंद."

तो चहा टाकायला गेला.

सभेत मी सगळं सरळ सांगितलं. मळसूत्रासारखा पिळाचा एक जंतू. शरीरसंबंधातून जातो. सुरुवातीला एक फोड येतो, तो दुखत नाही, आपोआप बरा होतो आणि माणसाला वाटतं सुटलो. जंतू आतच असतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग कधी डोळे, कधी मेंदू, कधी हृदय धरतो. बाई गरोदर असेल तर वारेतून बाळापर्यंत जातो. "आणि ऐका," मी म्हणाले, "माझ्या आजीच्या काळात याच्यावर पेनिसिलिन चालायचं, आजही तेच चालतं. बाकीचे जंतू औषधांना सरावले, हा एक मठ्ठ राहिला. इतका बरा होणारा रोग शोधून सापडायचा नाही. बोटातलं थेंबभर रक्त द्यायचं, निकाल फक्त तुमच्या हातात. उद्यापासून क्लबहाउसमध्ये तपासणी आहे."

कुणी वर बघेना. एक काकू पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या आणि सभा संपेपर्यंत शोधत राहिल्या. अण्णांनी खाकरून 'आता पार्किंगचा विषय घेऊ या का' असं विचारलं आणि पार्किंगवर मंडळी तासभर हिरिरीने भांडली.

दुसऱ्या दिवशी क्लबहाउसमध्ये मी, माझी नर्स आणि कॅरमबोर्ड. एक माणूस फिरकला नाही. येणार कसा? तिथे येणं म्हणजे 'मी काहीतरी केलंय' असं चारचौघांत सांगणं. ज्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं तेही येईनात, कारण तपासायला गेला म्हणजे त्याच्या मनात काळंबेरं असणार. मी मुकुंदला म्हटलं, तू पहिला ये, सेक्रेटरी आहेस.

"सेक्रेटरी आहे म्हणूनच नको," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

लोकांचं म्हणून झालं होतं. पाचव्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहायच्या, एक बँकेत नोकरीला, दुसरी फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या घरमालकाला सोसायटीचं पत्र गेलं की भाडेकरू उशिरा येतात, सबब घर रिकामं करून घ्यावं. दोघींनी कुठल्या गुन्ह्याबद्दल म्हणून विचारलं तर कुणी सांगेना. गुन्ह्याचं नाव घ्यायलाही यांची जीभ अडखळते.

आणि आठवडा संपता संपता ठिपका हिरवा झाला. मला आनंद झाला असं समजू नका. मी चेंबरचं झाकण उघडायला लावलं आणि ब्लीचिंग पावडरचा वास टाळूला जाऊन बसला. ब्लीचिंगने डीएनएची साखळी तुटते, मग कात्रीला वाचायला ओळच उरत नाही. अमृतवेलच्या शहाण्या माणसांनी रोगाला सोडून ठिपक्यावर इलाज केला होता. पावडरची पोती मुकुंदच्या सहीने आली होती.

"तू सही केलीस?"

"अण्णा म्हणाले, स्वच्छतेसाठी हवीत." मग जरा थांबून, "फ्लॅटचे भाव पडतायत, अरु. कोपऱ्यातल्या फ्लॅटचं गिऱ्हाईक परत गेलं."

"ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बर्फात घातलास तू, मुकुंद. जंतू इमारतीत तसाच आहे. फक्त आता मला तो दिसत नाही."

पुढचे दोन दिवस आम्ही भाजी आणि गॅसचा सिलिंडर एवढ्यापुरतं बोललो. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त कीव येत होती, आणि नवऱ्याची कीव येणं फार वाईट.

या सगळ्यात माझी झोप उडवली ती एका पोरीने. सातव्या मजल्यावरच्या शेट्यांची सून, ईश्वरी. सातवा महिना लागलेला. अमृतवेलमध्ये त्या घडीला गरोदर अशी ती एकटीच. लिफ्टमध्ये भेटली, बरोबर सासू, कल्पनाताई. विधवा बाई, एकुलत्या एका मुलाला वाढवलेलं, सुनेला जपायच्या ते मी बघत होते.

"सिफिलिसची तपासणी कधी झाली गं तुझी?" मी ईश्वरीला विचारलं.

उत्तर कल्पनाताईंनी दिलं. "ती एक सोडून सगळ्या केल्या, डॉक्टरीणबाई. कागदावर नाव बघितलं आणि मीच म्हटलं, ही काढून टाका. त्या डॉक्टरही म्हणाल्या, तुमच्यासारख्या घरात नाही केली तरी चालेल."

"चालत नाही. सगळ्यांची करायची असते."

"आमच्यात तसलं नसतं हो," त्या म्हणाल्या आणि माझा तिसरा मजला आला.

तुमच्यासारख्या घरात. माझ्याच धंद्यातली बाई हे म्हणाली, याने माझं रक्त उकळलं. जंतू काय दारावरची पाटी वाचून आत येतो? आईला सिफिलिस असेल आणि औषध मिळालं नाही तर बाळ पोटातच जाऊ शकतं. नाही गेलं तर हाडं, यकृत, कान, काय काय बिघडून जन्माला येईल सांगता येत नाही. उपाय काय, तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, बाळंतपणाला महिनाभर तरी बाकी असताना संपवलेली. बाळ बहुतेक धडधाकट निघतं. ईश्वरीला आजार आहे हे मला माहीत नव्हतं. नाही हेही माहीत नव्हतं. आणि दिवस चालले होते.

मी हे मुकुंदला सांगितलं. या वेळी रोगाचं व्याख्यान दिलं नाही, ईश्वरीच्या बाळाचं काय होऊ शकतं तेवढंच सांगितलं. त्याला ती पोर आवडायची, सोसायटीच्या गणपतीचं मखर दोघं मिळून करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये सूचना चिकटवलेली दिसली: 'इमारतीच्या पाण्याच्या टाकीत दोष असण्याची शक्यता असल्याने सर्व रहिवाशांची रक्ततपासणी येत्या रविवारी क्लबहाउसमध्ये होईल. उपस्थिती आवश्यक. सेक्रेटरी.'

मी तो कागद फाडून घरी आणला.

"हे काय आहे? हा आजार पाण्यातून पसरत नाही. टाकीतून नाही, टॉवेलमधून नाही, कमोडवरून नाही. हेच सांगत माझी नोकरी संपत आली, आणि माझ्याच घरातून हे निघावं?"

"तू खरं सांगितलंस. किती आले?" मुकुंद म्हणाला. या वेळी तो चहा टाकायला उठला नाही. "मला तुझ्यासारखं बोलता येत नाही, अरु. मला एवढंच येतं. बघ तर खरं." आणि त्याने खिशातून दुसरी प्रत काढून पुन्हा नेऊन चिकटवली.

रविवारी रांग जिन्यापर्यंत गेली. अण्णा पहिले, बाही वर करून. मागे त्यांच्या सौ., मागे पर्सवाल्या काकू, मागे पोराबाळांसकट अख्खी अमृतवेल. मी एक ठरवलं होतं की माझ्या तोंडून खोटं जाणार नाही. प्रत्येक मोठ्या माणसाला सुई टोचण्याआधी मी सांगत होते, "यात सिफिलिस तपासणार आहे. तो शरीरसंबंधातून होतो, पाण्यातून नाही. तपासू ना?" आणि प्रत्येक जण मान डोलवत होता.

"तपासा, तपासा. टाकीच्या पाण्याचं काय सांगावं?"

"हल्ली पाण्यातून काय काय येतं हो."

कपाळाला हात लावायचीही सोय नव्हती, हातात मोजे होते. त्यांना माझं ऐकू येत होतं, कळतही होतं. पण आता शेजारी कुणी विचारलं तर सांगायला पाणी होतं, आणि तेवढं असलं की हे लोक वाटेल ते तपासून घ्यायला तयार होते.

तपासणी दोन पदरी होती. बोटातल्या थेंबाची पट्टी सांगते की हा आजार आयुष्यात कधीतरी होऊन गेलाय का, कारण रक्त ती खूण बहुधा जन्मभर जपून ठेवतं. पट्टीवर रेघ आली की दुसरी तपासणी, ती आज आजार जागा आहे का ते सांगते. कोण कोण निघालं ते मी सांगणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या दोन्ही मुली निगेटिव्ह निघाल्या, त्यांना घराबाहेर काढू बघणारे सगळे काही तसे निघाले नाहीत, एवढं पुरे. माझा नवरा निगेटिव्ह. हे सांगायची गरज नव्हती, पण तुमच्या मनात आलंच असेल.

ईश्वरी पॉझिटिव्ह निघाली. तिचा नवरा यशोधनही.

ईश्वरीला त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. ती दातावर दात धरून पडून राहिली आणि तिने काही विचारलं नाही. यशोधनला मी वेगळं बसवलं. ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरी, अर्धा महिना फिरतीवर. मुलगा चांगला आहे, हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. आईला औषधं वेळेवर आणून देणारा, जिन्यात भेटला तर हातातली पिशवी घेणारा.

"तुलाही तीन घ्यायची आहेत," मी म्हटलं. "तू नाही घेतलीस तर तिची वाया जातील. तुझ्याकडून तिला पुन्हा होईल."

"पण काकू, पाण्याचंच आहे ना? मी कालपासून बाटलीचं पितोय."

"पाण्याचं नाही. रक्त घेताना सांगितलं होतं मी."

"सूचनेत तर पाणी लिहिलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काकांची सही आहे." आणि उठून गेला.

आता बोला. ज्या थापेने रांग लागली तीच थाप औषधाच्या आड येऊन उभी राहिली. पाण्याचा दोष म्हटल्यावर उपायही पाण्याचाच. टाकी बदलायचा ठराव एकमताने मंजूर झाला. जारवाल्याची चांदी झाली. आणि कल्पनाताईंनी जाहीर केलं की पोरीला इथलं पाणी बाधलंय, पाणीपालट झाला की खडखडीत बरी होईल. तसंही पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, मग चार आठवडे आधी गेली तर काय बिघडलं? गुरुवारी निघायचं ठरलं. दुसरं इंजेक्शन होतं शनिवारी, रविवारी दवाखाना बंद म्हणून एक दिवस आधी. ते चुकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर बाळाला धोका तसाच.

बुधवारी दुपारी ईश्वरी एकटीच माझ्या दवाखान्यात आली. सकाळीच मुकुंद मला म्हणाला होता, 'तिला खरं सांगू नकोस, अरु, संसार मोडेल पोरीचा.' मी दार लावलं, खुर्ची जवळ ओढली.

"ईश्वरी, हा आजार पाण्यातून..."

"येत नाही. माहितीये मला," ती म्हणाली. "मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलंय मी, काकू. लिफ्टमधला कागद वाचून हसूच आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पाणी म्हटलं म्हणून मला सुई घेता आली. खरं निघालं असतं तर पहिला प्रश्न आला असता, हिने कुठून आणलं. फिरतीवर तो असतो, घरात मी असते. तरी मलाच विचारलं असतं." ती रडत नव्हती. चांगली संतापलेली होती, आणि ते बघून मला धीर आला. "माहेरी इंजेक्शन कशाचं म्हणून सांगू? बाबा गावचे पोलीस पाटील. दवाखान्यातून बातमी माझ्या आधी घरी पोचेल. मला तीन इंजेक्शनं पाहिजेत, काकू, आणि त्याला तीन. भांडायचं ते मी बाळ झाल्यावर भांडेन, आणि भांडणार आहे. पण आधी हे."

"यशोधनशी बोललीस?"

"बोलले. तो म्हणतो, पाणी आहे. त्यालाही माहितीये पाणी नाही. पण आईसमोर कबूल कसं करायचं, म्हणून पोर घालवायला निघालाय."

सासूबाईंना मी सगळं सांगितलं तर चालेल का, असं मी तिला विचारलं. 'सांगा,' ती म्हणाली. मी म्हटलं, तू घरी जा, संध्याकाळी मी येते. घरी येऊन मुकुंदला सांगितलं की मी वर जाऊन कल्पनाताईंना सगळं सांगणार आहे, तू मला अडवू नकोस. त्याने चपला घातल्या.

"मी पण येतो. तो कागद माझा आहे."

कल्पनाताई पलंगावर बॅग भरत होत्या. डिंकाच्या लाडवांचा डबा, दोन सुती साड्या, देवाचा अंगारा. ईश्वरी खुर्चीत बसलेली. आतल्या खोलीचं दार अर्धं बंद, आत यशोधन असणार.

"वहिनी, टाकीत काही नव्हतं," मुकुंद उभ्याउभ्याच म्हणाला. कान लाल झालेले. "ते मी लिहिलं. लोकांनी तपासून घ्यावं म्हणून. खोटं होतं."

बाकीचं मी सांगितलं. रोगाचं नाव, तो कसा होतो, बाळाचं काय होतं, माहेरी गेली तर काय होईल. गुळमुळीत काही ठेवलं नाही. कल्पनाताई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मला वाटलं आता माझा उद्धार होणार. मी तयारीत होते. त्या परत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या.

"माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या. "पाणी बाधलं."

ईश्वरीने मान वर करून सासूकडे बघितलं.

"गावच्या विहिरीचं. दोनदा. दोन्ही वेळा सातव्यात मला माहेरी धाडलं आणि दोन्ही वेळा तिथेच गेलं. दुसरी मुलगी होती. आईने मला दाखवलीसुद्धा नाही, म्हणाली, बघवणार नाही तुला. यशच्या वेळी दिवस गेल्या गेल्या मला न्यूमोनिया झाला, मोठ्या दवाखान्यात ठेवलं, रोज सुया टोचायचे. यश राहिला. सासूबाई म्हणाल्या, बघ, शहरचं पाणी मानवलं."

त्यांची रविवारची पट्टी मला आठवली. पट्टीवर रेघ होती आणि दुसऱ्या तपासणीत काही नव्हतं. जुना, कधीच बरा होऊन गेलेला आजार. न्यूमोनियाच्या त्या सुया पेनिसिलिनच्याच असणार. मी त्यांना तसं सांगितलं होतं, त्या 'बरं बरं' म्हणून घाईघाईने उठल्या होत्या. आता त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी सगळं जुळवलं होतं.

"तेव्हाच सुया मिळाल्या असत्या तर ती दोन राहिली असती का हो?"

अशा वेळी म्हणायची वाक्यं आम्हा डॉक्टरांना पाठ असतात. इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही, कारणं अनेक असतात. ती वाक्यं खोटी नसतात. पण त्या दिवशी मला असल्या वाक्यांचा वीट आला होता.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक राहिली असती."

कल्पनाताईंनी बॅगेतून लाडवांचा डबा काढून ईश्वरीच्या मांडीवर ठेवला आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली. "यश, बाहेर ये."

तो आला. सगळं ऐकलं होतं त्याने, चेहऱ्यावरच दिसत होतं.

"शनिवारी बायकोबरोबर जायचंस आणि सुई घ्यायचीस."

"आई, हळू बोल. लोकांना कळलं तर..."

"लोक येणारेत का तुझं पोर वाचवायला?" त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी एक आला नाही. बाकीचं तुमचं तुम्ही नवराबायको बघा, मी तिच्या बाजूने आहे. पण शनिवारी तू जायचंस."

यशोधनने ईश्वरीकडे बघितलं. ती डबा धरून भिंतीकडे बघत होती. त्याने नुसती मान हलवली.

निघताना मी कल्पनाताईंना म्हटलं, "मी घरी येऊन देईन इंजेक्शनं. दवाखान्यात गर्दी असते, उगाच त्रास."

"नको," त्या म्हणाल्या. "लपवूनच गेली माझी दोन."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या, शनिवारपर्यंत उतरेल. माझा अनुभव तसाच आहे. पण शनिवारी सकाळी ओपीडी भरलेली असताना तिघंही आली. पुढे कल्पनाताई, मागे पोट सांभाळत ईश्वरी, त्यामागे यशोधन. केसपेपरच्या खिडकीवरच्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"सिफिलिस," कल्पनाताई म्हणाल्या, भाजीवालीशी बोलतात त्या आवाजात. "सुनेचं दुसरं इंजेक्शन आहे, मुलाचं पहिलं."

क्लार्कने मान वर केली. "जरा हळू, बाई. लोक आहेत."

"मग? लोकांसाठीच आहे ना दवाखाना?"

पंखे ऐकू यायला लागले, मला तो आवाज आता ओळखीचा झालाय. यशोधन भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक पाठ करायला लागला. मी माझ्या खोलीच्या दारातून बघत होते आणि पुढे होऊन त्यांना आत घ्यावं की नाही ते मला कळेना. कल्पनाताई सुनेला घेऊन बाकाच्या टोकाला टेकल्या. बाकावरची एक बाई उठली. तिच्यापलीकडची उठली. मग पदर सावरत तिसरी उठली, आणि तिघी जणी जाऊन समोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

कल्पनाताईंनी रिकाम्या बाकाकडे बघितलं.

"बरं झालं, जागा झाली," त्या ईश्वरीला म्हणाल्या. "पाय वर घे, सुजलेत."